घेवड्याची पानं पिवळी पडतायत – नक्की काय कमी पडतंय हे कसं ओळखायचं?

सायली_ग
मंडळी, मदत हवीये. भाचा अकरावीत आहे आणि त्याने प्रोजेक्टला घेवडा घेतलाय. धुतलेल्या वाळूत बिया लावल्या, प्रत्येक कुंडीला वेगळं पाणी. एकीला सगळी अन्नद्रव्यं असलेलं द्रावण, एकीला नत्र सोडून बाकी सगळं, एकीला लोह सोडून, आणि एकीला नुसतं डिस्टिल्ड वॉटर. आम्हाला वाटलेलं डिस्टिल्ड वॉटरवाली रोपं लगेच माना टाकतील, पण पहिला आठवडा उलटून गेला तरी सगळी सारखीच तरारलेली, भाचा म्हणाला प्रयोग फसला. मग हळूहळू फरक दिसायला लागला आणि तोही उलटा. नत्र नसलेल्या कुंडीत खालची पानं फिकी पडत गेली, वरची त्यामानाने बरी. लोह नसलेल्या कुंडीत खालची पानं हिरवीगार आणि वरचं नवीन पान निघतानाच पिवळं. असं का होतं?

आणि दुसरी गोष्ट, बाल्कनीतल्या मातीच्या कुंडीत माझाही घेवडा आहे, त्याची शेंड्याकडची पानं पिवळी झालीयेत, शिरा मात्र हिरव्या. ज्याला विचारावं तो सांगतो युरिया टाक. टाकू का?

बागकामवेडा
टाका की बिनधास्त. चिमूटभर युरिया पाण्यात विरघळवून द्या, आठ दिवसांत हिरवं होतं. माझ्याकडे कोबीला दरवेळी हेच करतो, कधी त्रास नाही.

मूळवाचक
सायली, कृपया थांबा, अजून काही टाकू नका. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. खालचं पान आधी गेलं की वरचं, हा फरक तुम्ही टिपलात हे फार चांगलं केलंत, कारण पान पिवळं पडलंय एवढ्यावरून काहीच कळत नाही. नत्र कमी, लोह कमी, गंधक कमी, मॅग्नेशियम कमी, पाणी जास्त, मूळ कुजलेलं, सगळ्यात पान पिवळंच पडतं. कुठलं पान पिवळं पडलं आणि पानाचा कुठला भाग, हे बघितलं तर मात्र यादी झटकन दोन-तीनवर येते.

आधी पहिल्या आठवड्याचं. प्रयोग फसला नाहीये. घेवड्याचं बी मोठं असतं आणि त्याच्या दोन्ही डाळिंब्यांत (बीजपत्रं म्हणा) रोपाला सुरुवातीला लागेल तेवढा साठा भरलेला असतो, नत्र, स्फुरद, जस्त, लोह सगळं. रोप वर येतं तेव्हा ही जाड बीजपत्रं खोडाला चिकटून मातीच्या वर येतात, तुम्ही पाहिली असतीलच, आणि मग दिवसागणिक ती पातळ होतात, सुरकुततात आणि गळून पडतात. तोपर्यंत रोप त्यांच्यावर जगतं, त्याला तुम्ही बाहेरून काय देताय याने फार फरक पडत नाही. पहिली दोन साधी जोडपानं तर बहुतेक या साठ्यावरच उभी राहतात, खरी परीक्षा सुरू होते ती तीन-तीन दलांची पानं यायला लागली की. म्हणून मोठ्या बियांच्या पिकात सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता प्रयोगात दाखवणं किचकट असतं, मॉलिब्डेनमसारखं कणभर लागणारं द्रव्य तर बीच पुरवून देऊ शकतं. भाच्याला पुढच्या खेपेला लवकर निकाल हवा असेल तर पहिली पानं उघडल्यावर बीजपत्रं ब्लेडने अलगद काढून टाकायची, मात्र सगळ्या कुंड्यांतली, पूर्ण खतवाल्यांतलीसुद्धा, नाहीतर तुलना राहणार नाही.

आता खाली-वरचं. काही अन्नद्रव्यं झाडाच्या आत एकदा वापरली तरी सोडवून दुसरीकडे हलवता येतात. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम या गटातले. टंचाई आली की झाड जुन्या पानातला माल काढून नव्या पानाकडे पाठवतं, म्हणून खालचं पान आधी उतरतं. कॅल्शियम, बोरॉन, लोह हे जिथे बसले तिथे बसले (घेवड्यात तरी), तिथून काढता येत नाहीत. जुनं पान स्वतःजवळचं धरून हिरवं राहतं आणि उपाशी राहतं ते नवं पान. गंधक, जस्त, तांबं, मंगल (मँगनीज) मधलेअधले, पण यांची खूणसुद्धा बहुधा वरच्या किंवा मधल्या पानांवर आधी दिसते.

तेव्हा भाच्याच्या दोन्ही कुंड्या अगदी बरोबर बोलतायत.

सायली_ग
बीजपत्रांचं डोक्यातच आलं नव्हतं! भाच्याने रोज फोटो काढलेत, आत्ता बघितले तर डिस्टिल्ड वॉटरवाल्या रोपाची बीजपत्रं पूर्ण खतवाल्यापेक्षा आधी चिपाड झालेली दिसतायत. म्हणजे माझ्या बाल्कनीतल्यात लोह कमी आहे का? वरची पानं, शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.

मूळवाचक
लक्षणं लोहाचीच वाटतायत. अगदी बारीक शिरासुद्धा हिरव्या दिसतात का, जाळी काढल्यासारख्या? लोहात तशी रेखीव जाळी दिसते, आणि फार वाढलं की पूर्ण पान पांढुरकं होतं. मंगल कमी असेल तर शिरेच्या दोन्ही बाजूंना थोडा हिरवा पट्टा राहतो, जाळी तितकी रेखीव नसते, आणि नंतर पिवळ्या भागात बारीक तपकिरी ठिपके येतात. गंधकात मात्र शिरा-बिरा काही नाही, पूर्ण नवं पान सरसकट फिकं.

आणि एक सांगतो, बहुतेक वेळा मातीत लोह भरपूर असतं, झाडाला मिळत नसतं. मातीचा पीएच साडेसातच्या वर गेला, चुनखडी असली, पाणी जड असलं की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. घेवड्याचं मूळ त्यावर उपाय करतं, मुळातून आम्ल सोडतं आणि मुळाच्या पृष्ठभागावर तीन-भारी (फेरिक) लोहाचं दोन-भारी (फेरस, सहज विरघळणारं) लोह करून मग आत ओढतं. पण जड पाण्यातला बायकार्बोनेट ते सोडलेलं आम्ल लगेच मारून टाकतो. त्यात कुंडी सतत ओली असेल तर मुळाला हवा नाही, मग हे काम करायला मुळात ताकदच उरत नाही. तुम्ही पाणी किती घालता?

सायली_ग
रोज. सकाळ-संध्याकाळ. जाळी एकदम बारीक आहे हो, भिंगातून बघितलं आत्ता.

मूळवाचक
मग पहिला उपाय पाणी कमी करणं. बोट दोन पेरं आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. पुष्कळदा एवढ्यावरच पुढची पानं हिरवी येतात. जे पान पिवळं झालंय ते फार सुधारेल अशी अपेक्षा ठेवू नका, नवीन येणाऱ्या पानाकडे बघा.

बागकामवेडा
मी ऐकलंय कुंडीत लोखंडाचे खिळे पुरायचे, गंजून लोह मिळतं. ते करून बघायला काय हरकत आहे?

रसायन
गंज म्हणजेच ते न विरघळणारं तीन-भारी लोह, मातीत जे आधीच ढिगाने आहे त्यात अजून थोडी भर. पीएच जास्त असलेल्या कुंडीत खिळ्याने काही होणार नाही. चिलेटेड लोह वापरा, म्हणजे लोह एका सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं असतं आणि विरघळलेलं राहतं. पण त्यातही प्रकार बघून घ्या: ईडीटीए वालं साधारण साडेसहा पीएचपर्यंत टिकतं, डीटीपीए साडेसातपर्यंत, त्याच्या वर ईडीडीएचए वालंच. लोक चुनखडीच्या मातीत ईडीटीए ओततात आणि म्हणतात चिलेटचा उपयोग नाही. ईडीडीएचएचं पाणी गडद लाल होतं, त्यावरून ओळखू येतं. ते मातीतून द्यायचं, पानावर फवारायचं नाही.

भाच्याच्या प्रयोगाबद्दल एक शंका. वाळू साध्या पाण्याने धुतली असेल तर तिच्यात लोह शिल्लक असणार, त्यामुळे ते लक्षण उशिरा आणि पुसट येईल. आधी पातळ आम्लाने धुऊन मग भरपूर डिस्टिल्ड वॉटरने निथळवायला हवी होती (हे घरी नको, कॉलेजच्या लॅबमध्ये शिक्षकांसमोर). आणि दुसरं, "नत्र सोडून" द्रावण कसं बनवलं?

सायली_ग
त्याने सांगितलं की यादीतून कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट काढून टाकलं.

रसायन
वाटलंच होतं. मग त्या कुंडीतून नत्राबरोबर सगळं कॅल्शियम गेलं आणि बराचसा पालाशही गेला. आता ते रोप खुजं राहिलं तर नक्की कशामुळे राहिलं हे सांगता येणार नाही. एक आयन काढताना त्याचा जोडीदार दुसऱ्या क्षारातून परत द्यायचा असतो. नत्र काढायचं तर कॅल्शियम नायट्रेटच्या जागी कॅल्शियम क्लोराइड, पोटॅशियम नायट्रेटच्या जागी पोटॅशियम क्लोराइड. स्फुरद काढायचं तर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटच्या जागी पोटॅशियम क्लोराइड. मॅग्नेशियम काढायचं तर मॅग्नेशियम सल्फेटच्या जागी सोडियम किंवा पोटॅशियम सल्फेट, नाहीतर गंधकही जाईल. होगलंड यांच्या द्रावणाचं (प्रयोगात सर्रास वापरतात ते अन्नद्रव्यांचं द्रावण) कोष्टक घ्या आणि घेवड्याला ते अर्ध्या ताकदीचं पुरतं, पूर्ण ताकदीचं देऊ नका.

आणि प्रत्येक प्रकाराच्या एकापेक्षा जास्त कुंड्या हव्यात, जागा अधूनमधून बदलत राहायच्या, नाहीतर खिडकीजवळची कुंडी जास्त वाढते आणि आपण श्रेय खताला देतो.

नीरजा_म
एक बेसिक प्रश्न. घेवडा शेंगवर्गीय ना? मग हवेतला नत्र तो स्वतः घेतो असं शाळेपासून शिकलोय, मग नत्राची कमतरता येतेच कशी?

मूळवाचक
बेसिक नाही, महत्त्वाचा प्रश्न आहे. हवेतला नत्र झाड घेत नाही, त्याच्या मुळावरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू घेतात, झाड त्यांना साखर पुरवतं. जिवाणू नसतील तर घेवडा इतर कुठल्याही झाडासारखाच नत्रावाचून उपाशी राहतो. भाच्याच्या वाळूत जिवाणू येणार कुठून?

हेच हेलरीगेल आणि विलफार्थ या दोघांनी जर्मनीत १८८६ ते १८८८ च्या सुमारास दाखवलं. निर्जंतुक वाळूत नत्र न देता वाढवलेला वाटाणा उपाशी राहिला आणि त्याच वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी ओतलं की गाठी धरून हिरवा झाला. १८८८ मध्ये बायरिंक यांनी तो जिवाणू वेगळा करून दाखवला. भाच्याने हे नक्की करून बघावं, एक जादा नत्र-नसलेली कुंडी घ्यायची आणि जिथे आधी घेवडा चांगला आला होता तिथली मूठभर माती पाण्यात ढवळून, गाळून ते पाणी तिला द्यायचं. मला स्वतःला अख्ख्या प्रोजेक्टमध्ये हीच कुंडी बघायची सगळ्यात जास्त उत्सुकता आहे.

आता सावधगिरीच्या गोष्टी. घेवडा हा शेंगवर्गीय पिकांत नत्र बांधण्यात कच्चा गणला जातो, सोयाबीन किंवा चवळीच्या मानाने. गाठी काम करायला लागायला पेरणीपासून तीन-चार आठवडे जातात. बीजपत्रातला साठा संपला आणि गाठी अजून सुरू नाहीत असा मधला काळ असतो, त्या काळात रोप फिकट दिसतं, तेवढ्यापुरतं थोडं नत्र दिलेलं चालतं. पण भरपूर नायट्रेट मिळालं की झाड गाठी करायचंच टाळतं. म्हणून बागकामवेडा, तुमचा युरिया कोबीला ठीक आहे, कोबीला गाठी नसतात. घेवड्याला सारखा युरिया दिला तर पाला माजतो, फुलं उशिरा येतात आणि गाठींचं काम बंद पडतं.

बागकामवेडा
गाठी चालू आहेत की नाही हे उपटल्याशिवाय कळायचा काही मार्ग?

मूळवाचक
एखादं रोप उपटावंच लागेल, खरं तर उपटू नका, खुरप्याने मातीसकट उचला आणि पाण्यात बुडवून माती सुटू द्या, ओढलं की गाठी मातीतच राहतात. मग दोन-चार गाठी नखाने चिरा. आतून गुलाबी-लाल निघाली तर काम चालू आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतलाच पदार्थ, त्यातही लोहच असतं. ऑक्सिजन तेवढ्यास तेवढा पुरवायचं काम तो करतो, कारण नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) मोकळ्या ऑक्सिजनने खराब होतं. पांढरी गाठ म्हणजे अजून सुरू झाली नाही किंवा चुकीचे जिवाणू बसलेत. हिरवी-तपकिरी म्हणजे संपलेली, शेंगा भरत आल्यावर तशी होणं साहजिक आहे. गुळगुळीत गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली आणि चटकन सुटणारी असते. मूळच फुगून गाठाळलेलं असेल, सुटतच नसेल, तर ते सूत्रकृमी, तो वेगळा आजार.

त्या विकराला मॉलिब्डेनम पण लागतं. आम्लधर्मी मातीत मॉलिब्डेनम मिळत नाही, मग झाड हुबेहूब नत्र कमी असल्यासारखं फिकं पडतं. तिथे नत्र टाकण्याऐवजी चुना घालून पीएच वर आणला की पुष्कळदा काम होतं. जिवाणूंना कोबाल्टही लागतं, झाडाला स्वतःला नाही.

रानवारा
उशिरा आलो धाग्यावर. माझा अनुभव शेतातला आहे, कुंडीतला नाही. सगळे नत्र आणि लोहाबद्दल बोलतायत पण घेवड्याला जस्त कमी पडणं हे त्याहून जास्त बघितलंय मी. घेवडा जस्ताच्या बाबतीत फार नाजूक. आमच्याकडे जमीन सपाट करताना एका कोपऱ्यातली वरची माती खरवडली गेली, खालची पांढरट माती उघडी पडली. बाकी रान एकसारखं, त्या कोपऱ्यात मात्र झाडं बुटकी, पेरं आखूड, पानं लहान आणि वाकडी, शिरांच्या मधे फिकी होऊन पुढे तांबूस-तपकिरी झालेली. कडेने चालत गेलं की जिथे माती बदलते तिथे पिकाची उंची बदललेली स्पष्ट दिसायची. सल्लागाराने आधी स्फुरद कमी म्हणून डीएपी द्यायला लावलं, त्याने आणखी बिघडलं.

रसायन
बिघडणारच, जास्त स्फुरद जस्ताच्या मुळावर येतं. एक तर झाड वाढतं आणि आहे तेवढं जस्त जास्त पानांत वाटलं जातं, दुसरं म्हणजे भरपूर स्फुरद मिळालं की मुळावरची उपकारक बुरशी (मायकोरायझा) कमी होते आणि तीच बुरशी जस्त दुरून आणून देत असते. बीटरूटच्या वर्गातल्या किंवा कोबीवर्गीय पिकांना ही बुरशी लागत नाही, म्हणून त्यांच्या पाठोपाठ त्याच जागी घेवडा लावला तर सुरुवातीला जस्त आणि स्फुरद दोन्हीला ओढाताण होऊ शकते. थंड, ओल्या मातीत आणखीच.

तुम्ही पुढे काय दिलं?

रानवारा
पानावर फवारणी. लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम चुना, चुना नसला तर पान करपतं. नवीन पानं सरळ आली. पण फुलं बाकी रानापेक्षा उशिराच धरली, ते नुकसान भरून निघालं नाही. पुढच्या हंगामाला शेणखत आणि पेरणीआधी जमिनीतून झिंक सल्फेट. माझं सगळ्यांना सांगणं आहे, माती तपासून घ्या, डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबू नका. पान बोलायला लागतं तोवर उत्पन्नातला बराच वाटा गेलेला असतो.

मूळवाचक
रानवारा यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि याचं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे स्फुरद. नत्र-लोहासारखी त्याची पिवळी पाटी लागत नाही. पान उलट जास्त गडद हिरवं दिसतं, काळपट हिरवं, फक्त लहान. झाड बुटकं, खोड बारीक, फांद्या कमी, फुलं उशिरा, गाठी अगदी मोजक्या. शेजारी चांगलं झाड नसेल तर बघणाऱ्याला वाटतं काय छान हिरवं आहे. जांभळी पानं शोधू नका, ती मक्यात दिसतात तशी घेवड्यात सहसा दिसत नाहीत. आणि गाठींना स्फुरद खूप लागतं म्हणून स्फुरद कमी असलेल्या झाडाला मागाहून नत्राचीही टंचाई होते. आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, चुनखडीच्या मातीत कॅल्शियम धरतं, म्हणून सहा ते सातच्या दरम्यानचा पीएच घेवड्याला सोयीचा.

नीरजा_म
मला खालच्या पानांची कड करपलेली दिसतेय, मधला भाग हिरवा. हे कुठल्या खात्यात?

मूळवाचक
कड आधी पिवळी आणि मग तपकिरी, तीही खालच्या पानांची, तर पालाश. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पण खालच्या पानांवर, तर मॅग्नेशियम. तेच चित्र वरच्या पानांवर असेल तर लोह किंवा मंगल. बघा, चित्र तेच, मजला बदलला की रोग बदलला.

नीरजा, तुम्ही अलीकडे बोरॅक्स किंवा "सूक्ष्म अन्नद्रव्य मिक्स" टाकलंय का पण? कारण बोरॉन जास्त झालं तरी जुन्या पानांची कडच जळते.

नीरजा_म
हो!! फुलं गळत होती म्हणून कोणीतरी बोरॉन सांगितलं, बोरॅक्स घातलं चमचाभर.

रसायन
कुंडीत चमचाभर खूपच झालं. घेवडा बोरॉन जास्त झालेलं सहन न होणाऱ्या पिकांत मोडतो, कमी आणि जास्त यातलं अंतर फार थोडं. बोरॉन पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी उडून जातं पानाच्या कडेतून, तिथेच ते साठत जातं, म्हणून कड जळते. कुंडीच्या तळातून पाणी वाहून जाईल असं भरपूर पाणी दोन-तीनदा सोडा, आणि बोरॉन पुन्हा नको. फुलगळ उन्हाच्या तडाख्याने, पाण्याच्या ओढीनेही होते, ती दिसली की थेट बोरॉनवर जाऊ नये.

बोरॉन खरोखर कमी असतं तेव्हा शेंडा मरतो, पानं जाड आणि ठिसूळ होतात, बगलेतून भाराभर फुटवे येतात आणि तेही मरतात. गंमत म्हणजे बोरॉन झाडाला लागतंच हे ठरलं ते बाकला या कडधान्यावरच्या प्रयोगातून. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन यांनी पाण्यात वाढवलेल्या बाकल्याला बोरॉन दिलंच नाही, शेंडे काळे पडून झाडं मेली, १९२३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

अनुप_के
कॅल्शियम राहिलं की. शेंडा मरणं त्यातही असतं ना?

रसायन
असतं. कॅल्शियममध्ये नवीन पान चुरगळलेलं, टोक आत वळलेलं, खोडाचा बीजपत्राच्या खालचा भाग पाणचट होऊन वाकतो. कॅल्शियम फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातं त्यामुळे माती कधी कोरडी कधी चिंब असली की मातीत असूनही शेंड्याला पोचत नाही.

अनुप_के
अजून एक मुद्दा मांडतो, सगळं अन्नद्रव्याच्याच डोक्यावर फोडू नका. पान उलटं करून बघा. बारीक पांढरट ठिपके आणि खाली जाळं असेल तर लाल कोळी. हिरवे-पिवळे ओबडधोबड पट्टे, पान फुगे आल्यासारखं, एका झाडावर आहे आणि शेजारच्यावर नाही, तर मोझॅक व्हायरस. कमतरता असेल तर ती मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसते आणि एकाच माळेतल्या सगळ्या झाडांवर एकाच मजल्यावर दिसते. हा नियम मला फार उपयोगी पडलाय.

मूळवाचक
अनुप, फार चांगला मुद्दा, धाग्यात हवाच होता.

सायली, भाच्याला एक काम देतो. आत्तापर्यंत तो पानं बघतोय. शेवटी त्याने मुळंही धुऊन, वाळवून वजन करावीत. चाकमाक, हेंगेलर आणि मार्शनर यांचा १९९४ चा घेवड्यावरचा अभ्यास आहे, त्यात वरचा भाग भागिले मुळं असं वाळलेल्या वजनाचं गुणोत्तर काढलंय. सगळं मिळालेल्या झाडात ते ४.९. स्फुरद नसलेल्यात १.८, पालाश नसलेल्यात ६.९ आणि मॅग्नेशियम नसलेल्यात १०.२. म्हणजे स्फुरद कमी पडलं तर झाड वरची वाढ थांबवून सगळी ताकद मुळात घालतं, शोधायला निघतं. मॅग्नेशियम कमी पडलं तर उलट, मुळंच उपाशी, कारण पानात तयार झालेली साखर खाली पाठवायलाच मॅग्नेशियम लागतं. साखर पानात तुंबते आणि मुळाला काही मिळत नाही. हे सगळं पान पुरतं पिवळं पडायच्या आधीच सुरू झालेलं असतं.

आणि साखर तुंबलेल्या पानाला ऊन सोसत नाही. त्याच गटाने १९८९ मध्ये दाखवलं की मॅग्नेशियम, पालाश किंवा जस्त कमी असलेल्या घेवड्यात प्रखर उजेडात पान जास्त पिवळं पडतं आणि करपतं, झाकलेला भाग हिरवा राहतो. भाच्याने मॅग्नेशियम-नसलेली कुंडी केली तर एका पानाच्या अर्ध्या भागावर कागदाची पट्टी सैल लावून ठेवावी. कागद काढला की त्याला पानावर सरळ रेष दिसायला हवी.

सायली_ग
भाचा शेजारी बसून वाचतोय, वहीत भराभर उतरवतोय. ठरलंय असं: नवीन बॅच, क्लोराइड वापरून नीट बनवलेली द्रावणं, पूर्ण, नत्र नाही, स्फुरद नाही, मॅग्नेशियम नाही, आणि नत्र नाही पण मातीचं पाणी दिलेली. प्रत्येकाच्या चार-चार कुंड्या. लोह सोडून देतोय कारण वाळू आम्लाने धुणं घरी करायचं नाही. बीजपत्रं काढायची की ठेवायची यावर त्याचं आणि माझं एकमत होत नाहीये, त्याला निम्म्या कुंड्यांतली काढून निम्म्यांतली ठेवायचीयेत.

बाल्कनीतल्या कुंडीचं पाणी आजपासून कमी केलं.

मूळवाचक
निम्मी-निम्मी ही भाच्याची कल्पना उत्तम आहे, तसंच करू द्या. फक्त प्रत्येक द्रावणाच्या चारपैकी दोन कुंड्यांत काढायची आणि दोनमध्ये ठेवायची, एका अख्ख्या द्रावणात काढून दुसऱ्यात ठेवली असं नको. बिया लावण्याआधी त्यांचं एकेकीचं वजनही करून ठेवा, बी जितकं जड तितका साठा जास्त, म्हणून सारख्या वजनाच्या बिया निवडा. आणि मातीचं पाणी दिलेल्या कुंडीखालचं ताट वेगळं ठेवा, त्यातलं पाणी शेजारच्या कुंडीत गेलं तर जिवाणू तिथेही पोचतील.

रानवारा
फोटो इथेच टाकत राहा सायलीताई, मुळांचे पण. मला मॅग्नेशियमवाली मुळं बघायचीच आहेत.